भाडेकरू होतो, घरमालक झालो

बोनकोडे गावात आम्ही उभयता प्रथम आलो ते भाडेकरू म्हणून. साल १९९४. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात काम लागले होते, पण राहावयास खोली मिळेना. जवळच्याच एका चाळीत खोली दाखविली, भाडे ठरले, आणि मग प्रश्न आला, ‘पूर्ण नाव काय?’ आडनाव सांगताच ती खोली कालच दुसऱ्याला दिल्याचे मालकांना आठवले! आमच्या वाचकांपैकी अनेकांना हा अनुभव नवा नाही. परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्याच्या पारशी पथिकाश्रमातून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. तेथे आमच्यासारख्या कामगाराची काय कथा?

बोनकोड्यात मात्र एका आगरी मावशींनी खोली दिली. त्यांनी विचारले ते एवढेच, ‘पहाटे पाणी भरायला उठाल ना?’

मावशींचे घर भातशेतीचे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी गावोगावच्या जमिनी गेल्या. पुढे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी लढले, जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली. दरम्यान गावकऱ्यांनी घराशेजारी खोल्या काढल्या. भाताचे पीक गेले, आता भाड्याचे पीक, असे मावशी हसून म्हणत. शिकलेल्या नव्हत्या, पण भिंतीला दोरीने बांधलेली एक वही असे. महिन्याचे भाडे घेतले की मुलाकडून तारीख नि रक्कम लिहवून घेत, भाडेकरूची सही घेत आणि स्वतःचा अंगठा उमटवीत. आम्हाला तेव्हा त्या वहीचे हसू येई.

पुढे सिडकोच्या वसाहतीत लहानसे घर झाले. कारखाना बंद पडला, हिशेबाचे पैसे हाती आले. त्यातून २०१६ साली शेजारची एक खोली घेतली. नोकरी गेली, पेन्शन नाही, मग चार पैसे भाड्याचे यावेत हा हेतू. ‘आता तुम्ही पण मालक लोक!’ असा टोमणा एका मित्राने मारला. त्याला आम्ही सांगितले, दादरच्या हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी ‘राजगृह’ बांधले तशीच ‘चारमिनार’ नावाची दुसरी इमारतही बांधली होती. भाड्याचे उत्पन्न यावे म्हणूनच. १९४१ साली ती विकावी लागली हा भाग वेगळा. भाडे घेण्यात पाप नाही. घेणाऱ्याला त्याची रीत ठाऊक हवी, आणि ती आम्हाला ठाऊक नव्हती.

पहिला भाडेकरू गावाकडच्या ओळखीतला. बाजार समितीत हमालीला जाई. भाडे सहा हजार, अनामत पंधरा हजार. कागद केला नाही. आपलाच माणूस, त्याच्याकडून सही काय घ्यायची? सात महिने भाडे वेळेवर आले, आठव्या महिन्यापासून बंद झाले. चार महिने लोटले तेव्हा आठव्या महिन्यापासून काय झाले ते विचारायचे सोडून आम्ही रागावलो आणि त्याच्या खोलीची वीज बंद करण्यासाठी मीटरपाशी जाऊन उभे राहिलो. खोटे कशाला लिहा, हात फ्यूजपर्यंत गेला होता.

वस्तीतील एका वकील ताईंनी वेळीच थांबविले. त्यांनी जे सांगितले ते येथे देतो, कारण एक खोली किंवा पोटमाळा भाड्याने देणारी कुटुंबे आता आपल्यातही बरीच आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ प्रमाणे योग्य कारणाशिवाय भाडेकरूची वीज, पाणी तोडता येत नाही. म्हणजे भाडे त्याचे थकलेले, आणि गुन्हेगार आम्ही! त्याच कायद्याचे कलम ५५ असे की करार लेखी हवा आणि नोंदणी केलेला हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. आणि नोंदलेला कागद नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच खरे धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. ‘अकरा महिन्यांचा कागद नोटरी केला की झाले’ असे अजूनही सगळीकडे सांगितले जाते. ते आपल्या राज्यात चालत नाही.

शेवटी सौ. त्या भाडेकरूच्या घरी जाऊन बसली. तेव्हा कळले की त्याच्या पाठीवर पोते पडले होते आणि तो दोन महिने अंथरुणाला खिळून होता. बायको लाजेने बोलली नव्हती. अनामत वळती केली, दीड महिन्याचे भाडे बाकी राहिले ते सोडले, आणि त्यांनी महिनाभरात खोली मोकळी केली. आमचे नऊ हजार बुडाले. शिकवणी म्हणून फार महाग नाही, असे सौ. म्हणते. आम्हाला अजून महागच वाटते.

दुसऱ्या वेळी रीतसर लिव्ह अँड लायसन्सचा करार केला. हा आता संगणकावर नोंदता येतो. दलालाचा मुलगा अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी आला, दोन्ही बाजूंचे आधार क्रमांक आणि दोन साक्षीदार, अर्ध्या तासात काम झाले. खर्च ऐकून लोक घाबरतात म्हणून हिशेब देतो. भाडे आठ हजार, मुदत अकरा महिने, म्हणजे अठ्ठ्याऐंशी हजार. अनामत पंचवीस हजार असेल तर तिच्यावर वर्षाला दहा टक्के व्याज धरून ते त्यात मिळवतात. या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास, आणि महापालिका हद्दीत एक हजार नोंदणी फी. दलालाचे पैसे वेगळे. ते कोणी भरायचे ते आधीच बोलून घ्यावे. आम्ही निम्मे निम्मे केले. मुदत संपूनही माणूस उठला नाही तर दुप्पट भाडे मागता येते आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तेथे हा नोंदलेला करारच पुरावा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. भाड्याची पावती देणे तर कायद्यानेच बंधनकारक आहे. मावशींची वही तेव्हा आठवली!

मीटरचे आकडे, नळ, पंखा, कडी-कोयंडा यांची अवस्था खोली देतानाच लिहून ठेवावी. अनामतीची भांडणे बहुधा भिंतीतल्या खिळ्यांवरून होतात. आणि अनामत खर्च करू नये. आम्ही पहिली अनामत मुलीच्या फीत घातली होती, त्यामुळे ती परत करायची वेळ आली असती तर तोंड लपवावे लागले असते.

आता खरी गोष्ट. दलालाने दुसऱ्या खेपेस तीन गिऱ्हाइके आणली. त्यांतील एका मुसलमान कुटुंबाविषयी तो हळूच म्हणाला, ‘काका, हे नको, इमारतीतले लोक बोलतील.’ नवरा रिक्षा चालवी, दोन लहान मुले. आम्ही लगेच ‘नाही’ म्हणालो नाही, पण लगेच ‘हो’ही म्हणालो नाही. ‘कळवतो’ म्हणालो. हाच तो शब्द, जो आम्हाला १९९४ साली ऐकवीत असत. रात्री सौ.ने विचारले, ‘काय कळवणार आहात?’ उत्तर सुचेना.

सकाळी फोन केला. शेजारचे दोन जण बोलले, एकाने पंधरा दिवस आमच्याशी बोलणे सोडले. नंतर रात्री त्याच्याच आईला दवाखान्यात न्यायचे होते तेव्हा तो रिक्षा बोलवायला खाली उतरला, तो त्याच दारावर.

त्या कुटुंबाचा करार दोनदा वाढविला आहे. वही आम्हीही केली आहे, दोरीने बांधलेली. आमचे अक्षर वाईट, म्हणून त्यांची थोरली मुलगी महिन्याच्या पाच तारखेला येऊन पावती लिहिते आणि आमच्याकडून सही करून घेते.