घाटमाथ्याचा पाऊस आणि पायथ्याची ओल

खालापूर तालुक्यातील कुंभिवली हे गाव सह्याद्रीच्या पायथ्याच्या मुलखात वसलेले आहे. बोरघाट चढून गेल्यावर लोणावळ्यास वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तेथून साठेक किलोमीटरांवरील पुण्यास मात्र सुमारे ७००. ढग घाटावरच रिते होतात व पलीकडे उतरणारी हवा तापून कोरडी होते, हे त्याचे कारण होय.

यावरून पायथ्याचा शेतकरी भाग्यवान वाटेल. परंतु त्याच्या डोंगरउतारावरील वरकस जमिनी दिवाळी सरताच कोरड्या पडतात. काळ्या पाषाणात पाणी फारसे मुरत नाही, मातीचा थर पातळ, आणि उतार तीव्र. आषाढातील पाणी पाहता पाहता नदीस मिळते. पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहते, ती घाटावरील तलावांचे पाणी १९१५ पासून खोपोलीच्या वीजघरातून तिच्यात उतरते म्हणून. ते पाणी वरकसावर कसे चढणार?

तेथे उतारास आडवे, समपातळीवर बांध घालून पावसाचे पाणी जागीच थोपवावे. सखल खाचरांत भात कापताच वाल पेरावा. जमीन भेगाळू दिली, तर बी रुजण्यापुरतीही ओल उरत नाही.