मातीविना शेतीत नळाच्या पाण्याची योग्यता : एक विवेचन

प्रस्तावना

मातीऐवजी अन्नद्रव्ययुक्त पाण्यात पीक वाढविण्याच्या पद्धतीस हायड्रोपोनिक्स असे म्हणतात. शहरांतील गच्च्यांवर आणि पॉलिहाऊसमध्ये लेट्यूस, पालक, पुदिना, टोमॅटो ही पिके या पद्धतीने घेतली जातात. त्यासाठी लागणारे पाणी बहुधा नळाचेच असते. या पाण्याविषयी दोन टोकाची मते आढळतात. ‘जे पिण्यास योग्य ते पिकासही योग्य’, हे एक मत होय. ‘आरओ यंत्राशिवाय हायड्रोपोनिक्स शक्यच नाही’, हे दुसरे. पहिल्या मतामुळे पीक हातचे जाते. दुसऱ्यामुळे पैसा व पाणी या दोहोंचा अपव्यय होतो. प्रस्तुत लेखात नळाच्या पाण्यातील घटकांचा पिकाच्या दृष्टीने विचार करून या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

हा प्रश्न नवा नाही. इंग्रज वैद्य व निसर्गअभ्यासक जॉन वुडवर्ड यांनी १६९९ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी पुदिन्याची रोपे पावसाच्या, थेम्स नदीच्या आणि लंडनमधील हाइड पार्कच्या जलवाहिनीच्या पाण्यात वाढविली. शुद्ध पावसाच्या पाण्यापेक्षा क्षार व मातीचे कण असलेल्या पाण्यात रोपे अधिक वाढली. वनस्पतीचे पोषण केवळ पाण्याने होत नसून त्यात विरघळलेल्या द्रव्यांनी होते, या विचारास त्यातून बळ मिळाले. पुढे १९३८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील होगलंड व आरनॉन यांनी मातीविना पीक वाढविण्यासंबंधी पुस्तिका प्रसिद्ध केली. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे पोषक द्रावण आजही प्रमाण मानले जाते. नळाचे पाणी हे ‘रिकामे’ पाणी नव्हे. तेही एक द्रावणच आहे, ही जाणीव या विवेचनाचा पाया आहे.

क्लोरीन

पेयजलाच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० : २०१२ नुसार, नळाच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर अवशिष्ट क्लोरीन असावा लागतो. एवढ्या अल्प प्रमाणाने पिकास सहसा अपाय होत नाही. परंतु टीसीएल पावडरची मात्रा वाढविल्यास कोवळ्या मुळांना इजा संभवते. पाणी उघड्या टाकीत एक दिवस ठेवले किंवा त्यात हवा सोडली, तर क्लोरीन उडून जातो. ग्रामपंचायतीत वापरल्या जाणाऱ्या ओटी चाचणीने त्याची खात्री करता येते. येथे क्रम महत्त्वाचा आहे. क्लोरीन जाण्यापूर्वीच अमोनियमयुक्त खत मिसळल्यास क्लोरामाइन तयार होते. ते सहजासहजी उडून जात नाही आणि मुळांना घातक ठरू शकते.

कठीणपणा

कॅल्शियम व मॅग्नेशियम यांमुळे पाणी कठीण बनते. घरात हा दोष असला, तरी पिकासाठी ही दोन्ही अन्नद्रव्ये आहेत. होगलंड द्रावणात प्रति लिटर सुमारे २०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. नळाच्या पाण्यात ७५ मिलिग्रॅम कॅल्शियम असेल, तर गरजेचा एक तृतीयांशाहून अधिक भाग आधीच भागलेला असतो. खताची मात्रा तेवढी कमी करावी. मात्र कठीणपणा घालविण्यासाठी घरगुती सॉफ्टनर वापरू नये. त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येते, म्हणजेच उपयुक्त द्रव्य जाऊन निरुपयोगी द्रव्य पदरी पडते.

सामू आणि अल्कता

बहुतेक पिकांना द्रावणाचा सामू ५.५ ते ६.५ असा लागतो. तो वाढल्यास लोह, मँगनीज यांसारखी सूक्ष्मद्रव्ये मुळांना मिळत नाहीत व नवी पाने पिवळी पडतात. आम्ल टाकून सामू खाली आणला तरी तो काही वेळाने पुन्हा चढतो, असा अनेकांचा अनुभव आहे. याचे प्रमुख कारण पाण्यातील बायकार्बोनेट, म्हणजेच अल्कता होय. म्हणून केवळ सामू मोजणे पुरेसे नाही.

समजा, अल्कता कॅल्शियम कार्बोनेटच्या परिमाणात २०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. ५० मिलिग्रॅम म्हणजे एक मिलिइक्विव्हॅलंट, या हिशेबाने ती चार भरते. त्यांपैकी एक शिल्लक ठेवून तीन नायट्रिक आम्लाने उदासीन केल्यास प्रति लिटर ४२ मिलिग्रॅम नत्र आपोआप मिळते. होगलंड द्रावणातील सुमारे २१० मिलिग्रॅम नत्राचा हा पाचवा भाग आहे. तो खताच्या हिशेबातून वजा करावा. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये.

सोडियम

खरी मर्यादा येथे येते. भारतीय पेयजल मानकात सोडियमसाठी स्वतंत्र मर्यादा नाही. त्यामुळे ‘पिण्यास योग्य’ अशा अहवालात त्याचा आकडा अनेकदा नसतो. पीक सोडियम फारच थोडे शोषते. पाणी बाष्पोत्सर्जनाने उडून जाते आणि सोडियम टाकीत राहते. पाण्यात ६० मिलिग्रॅम प्रति लिटर सोडियम असेल आणि टाकीच्या आकारमानाइतके पाणी तीन वेळा भरले गेले, तर त्याचे प्रमाण २४० च्या जवळ पोहोचते. द्रावण ठरावीक काळाने बदलणे हाच यावर साधा उपाय आहे. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यातील भूजलासारखे खारे पाणी असेल, तर पावसाचे साठविलेले पाणी मिसळणे किंवा आरओचा आधार घेणे अपरिहार्य ठरते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, नळाचे पाणी सरसकट योग्य किंवा अयोग्य ठरविता येत नाही. तानसा, भातसा यांसारख्या जलाशयांतून मुंबईस मिळणारे पाणी आणि उन्हाळ्यात कूपनलिकेवर चालणाऱ्या एखाद्या गावच्या योजनेचे पाणी यांना एकच खतमात्रा लागू पडणार नाही. घरगुती आरओ यंत्रात, जेवढे पाणी मिळते तेवढे किंवा त्याहून अधिक वाया जाते. पाणीटंचाईच्या प्रदेशात, पाणी वाचविणारी म्हणून स्वीकारलेली पद्धत अशा रीतीने पाणी दवडू लागली, तर तिचा हेतूच विफल होतो. म्हणून यंत्र विकत घेण्यापूर्वी पाण्याची तपासणी करून घ्यावी. विद्युत वाहकता, सामू, अल्कता, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम व क्लोराइड हे आकडे उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर, असे वर्षातून किमान दोनदा मिळविणे इष्ट ठरेल. पाण्यात काय आहे हे कळल्यावरच त्यात काय घालावे हे ठरविता येते.