मुखव्रण, पंधरा दिवस आणि वैद्याचे कर्तव्य

‘तोंड आले आहे’ ही तक्रार आपल्या चिकित्सालयात नित्याची आहे. खदिरादी वटी, इरिमेदादी तेलाचा गण्डूष, त्रिफळा क्वाथाच्या गुळण्या व कोष्ठशुद्धी यांनी बहुतेक मुखपाक शमतात. म्हणूनच जो व्रण शमत नाही, तो आपल्या दृष्टीतून निसटता कामा नये. मुखाचा कर्करोग भारतीय पुरुषांत अग्रक्रमाचा आहे आणि अशा रुग्णाची पहिली भेट पुष्कळदा वैद्याशी किंवा औषधी दुकानदाराशीच होते.

हेतुविचार

तंबाखू-चुना, मिश्री, गुटखा, मावा, विडी व मद्य हे प्रमुख हेतू होत. संहितोक्त तांबूलात तंबाखू नाही. ती पोर्तुगीजांच्या काळात भारतात आली. मात्र नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली मान्य केले. तांबूलाची प्रशस्ती सांगताना हे विसरून चालणार नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली, तरी रुग्णाला व्यसनाविषयी थेट प्रश्न विचारलाच पाहिजे.

मुखपरीक्षण

कवळी काढून, हातमोजे घालून, उत्तम प्रकाशात ओठ व गाल आतून, हिरड्या, टाळू, जिभेच्या कडा व जिभेखालील भाग पाहावा. बोटाने काठिण्य तपासावे. मानेतील ग्रंथी चाचपाव्यात. पुढील लक्षणे सूचक आहेत:

• पंधरा दिवसांत न भरणारा व्रण
• न पुसला जाणारा पांढरा चट्टा किंवा लाल चट्टा (लाल अधिक धोक्याचा)
• तोंड पूर्ण न उघडणे, तिखट न सोसणे
• अकारण दात हलणे, गिळताना त्रास, मानेत गाठ

वेदना नाही म्हणून निश्चिंत राहू नये. आरंभी हा रोग बहुधा दुखत नाही. केरळमधील मोठ्या अभ्यासात, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांत केवळ अशा दृश्य तपासणीने मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले.

पुढे काय?

पंधरा दिवसांनंतर औषध बदलत बसू नये. रुग्णास बायोप्सीसाठी पाठवावे. ‘तुकडा काढला की रोग पसरतो’ हा समज निराधार आहे, हे आपण सांगितले तर रुग्णास पटते. खर्चाच्या चिंतेत असलेल्यास महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती द्यावी.

रुग्ण दुसरीकडे पाठविण्यात कमीपणा कसला? पक्व गुल्माचा अधिकार धान्वंतरीयांचा, असे चरकाचार्यांनीच सांगितले आहे. सुश्रुताचार्यांनीही मर्मस्थानी वा स्रोतसांत उद्भवलेले व अचल अर्बुद असाध्य मानले. म्हणजेच काळ दवडणे रुग्णास परवडणारे नाही.

शस्त्रकर्म, किरणोपचार वा केमोथेरपी चालू असताना अग्निरक्षण, पथ्याहार व बलरक्षण यांत आपले साह्य मोलाचे ठरते. तथापि प्रत्येक औषध कर्करोगतज्ज्ञांना कळवूनच द्यावे. भल्लातक व रसकल्प या काळात स्वतःहून देऊ नयेत.

औषधी दुकानदारांस विनंती

एकच ग्राहक मुखव्रणाचे औषध पुनःपुन्हा नेत असेल, तर त्यास तपासणीस पाठवावे. ‘कर्करोग हमखास बरा’ अशा जाहिरातींस १९५४ च्या कायद्याने मनाई आहे; असे फलक दुकानात लावू नयेत.

येत्या तिमाहीत प्रत्येक तंबाखूसेवी रुग्णाचे मुख एकदा तरी उघडून पाहावे, हीच वैद्यबंधू-भगिनींस नम्र विनंती.