गज वाजला पाहिजे

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला खुलताबाद तालुक्यातल्या एका मित्राच्या वाड्यावर जेवायला गेलो होतो. देवघरासमोर पाट मांडलेला. त्यावर दोन तलवारी, एक गुप्ती, विळे-कोयते आणि मधोमध एक लांबलचक ठासणीची बंदूक. घोड्याला झेंडूची माळ. टोपी बसवायची नळकांडी केव्हाच गळून पडली होती. तिच्या जागी उरलेल्या भोकात उदबत्ती खोचलेली. भोक आयतेच होते. त्या घरात तीन पिढ्या उदबत्ती तिथेच लागत आली होती.

माझ्याबरोबर मामा होते. मामा म्हणजे माझ्या जुन्या शाखेतले गार्ड. बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये घडलेले, निवृत्तीनंतर बँकेत आलेले. वय आता पंच्याहत्तरीपुढे. शाखेतली बंदूक रोज सकाळी ताब्यात घेताना हा माणूस ती उघडून आधी स्वतः पाही, मग मला दाखवी आणि मगच रजिस्टरवर सही करी. तिसऱ्या महिन्यात मी वैतागून म्हणालो होतो, "मामा, कालच तर पाहिली." ते म्हणाले, "साहेब, कालची शिल्लक आज न मोजता धरता का तुम्ही?" कॅशच्या माणसाला याहून चोख उत्तर मिळाले नसते.

तर मामांनी नमस्कार केला, कुंकू लावून घेतले आणि हळूच विचारले, "हिला शेवटची रिकामी कोणी केलती?"

कोणालाच सांगता येईना. मित्र हसला. "अहो मामा, आजोबांच्या वेळची आहे. परवाना मी नेमाने नवा करतो, निवडणूक आली की ठाण्यात जमा करतो, पुन्हा घेऊन येतो. तिच्यात काय असणार?" मामांनी आधी उदबत्ती काढून विझवली. पोरांना नळीसमोरून उठवले. मग बंदुकीच्या पोटाखालचा लोखंडी गज ओढून नळीत सोडला. रिकाम्या नळीत गज तळाच्या लोखंडावर आपटतो आणि टणकन वाजतो. हा वाजला नाही. पोत्यावर काठी पडावी तसा बसला. नळीच्या तोंडाशी गजावर बोट धरून त्यांनी तो बाहेर काढला आणि बाहेरून नळीला लावून पाहिला. गज भोकापाशी पोचायला हवा होता, तो चार बोटे अलीकडेच थांबला.

"भरलेली हाय," मामा म्हणाले.

काळी दारू कोरडी राहिली तर कितीही वर्षे जिवंत राहते. ते भोक पिढ्यान् पिढ्यांच्या राखेने आणि गंजाने बुजले होते, एवढ्यावरच सगळे निभावले होते. मित्राची बायको तिथेच मटकन खाली बसली. तिची दोन्ही पोरे लहानपणी त्या नळीला डोळा लावून खेळलेली.

ठाण्यात कळवले. तिथला माणूस येऊन पाहून गेला. मामांनी बंदूक भिंतीकडे तोंड करून आडोशाला बांधली, तोंडातून पाणी ओतले आणि ते रात्रभर मुरू दिले. दारूतला सोरा पाण्यात विरघळला की ती नुसती माती. दुसऱ्या दिवशी गजाच्या टोकाला मळसूत्र लावून आतला ऐवज ओढून काढला. आधी चिंधी, मग पांढरी बुरशी धरल्यासारखी शिशाची गोळी, मग काळा चिखल. चिंधी धुतली तर लाल खणाचा तुकडा निघाला. मित्राची आत्या अठ्ठ्याऐंशीची आहे. तिने तो उजेडात धरला, बोटाने काठ चाचपला आणि एवढेच म्हणाली, "रझाकाराच्या सालात दादा रात्रभर दिंडीदरवाजात बसायचे." हैदराबादवरची पोलीस कारवाई १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत आटोपली. दादांनी बंदूक खुंटीला लावली असणार, ती तशीच. तुकडा आत्याने बटव्यात टाकला. कोणी मागितला नाही.

मग साफसफाई. पुतण्या पॉलिश पेपर घेऊन आला, मामांनी तो त्याच्या हातून काढून घेतला. गंज खरवडला की खालचे छापही जातात. गरम पाण्याने नळी धुणे, लगेच कोरडी करणे, रॉकेलची चिंधी, मग तेलाची; लाकडी दस्त्याला जवसाचे तेल हाताने चोळणे. तीन रविवार गेले. चापाजवळच्या पट्टीवर मुकुट आणि 'टॉवर' ही अक्षरे उमटली. (हा छाप मारून नव्या बंदुका जुन्या म्हणून विकणारे बहाद्दर आपल्याकडे आहेत. नुसत्या छापावर कर्ज मंजूर करू नये.)

खरा पुरावा नळीत होता. बाहेरून ही १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीची सख्खी बहीण. तीच एन्फिल्ड, जिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ चा भडका उडाला. त्या रायफलीच्या नळीत तीन पिळदार खाचा असतात. गोळी त्यांतून फिरत जाते म्हणून लांबवर नेम धरते. आम्ही टॉर्च लावून पाहिले तर आत एकही खाच नाही, पेल्यासारखी गुळगुळीत! गंजाने खाचा अशा सफाईने जात नाहीत. ती केलीच तशी होती. उठावानंतर सरकारने देशी शिपायासाठी १८५८ मध्ये मुद्दाम हा नमुना काढला: दिसायला एन्फिल्ड, आतून बिनखाचांची. म्हणजे शंभरेक यार्डांपलीकडे भरवसा नको. पुढे गोऱ्या शिपायाला मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा देशी शिपायाला त्याची उतरलेली स्नायडर आली. अविश्वास कागदावर कुठे सापडत नाही म्हणतात, इथे तो लोखंडात कोरून काढलेला होता.

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून मी चाळीस वर्षे बँकेत जात-येत होतो. तिथल्या काळ्या चबुतऱ्यावर जून १८५७ च्या उठावातल्या, हैदराबाद कंटिंजंटच्या स्वारांना मृत्युदंड दिला गेला. पुण्याहून जनरल वुडबर्नची फौज आली होती. त्या चौकातून जाताना मला आता या नळीची आठवण येते.

बंदूक लखलखली तशी पुतण्याला ती वाजवून पाहायची हुक्की आली. खरे सांगतो, मलाही आली. एनसीसीत असताना छावणीच्या रेंजवर थ्री नॉट थ्रीच्या पाच गोळ्या झाडल्या होत्या. खांद्याला बसलेला तो दणका आणि पितळी काडतुसाचा गरम वास अजून आठवतो. मामांनी आम्हा दोघांना उजेडात नेऊन भोकालगतचे खड्डे दाखवले. "इथंच सगळा जोर येतो. फुटली तर पोराचा डोळा जाईल, साहेब. दुसरं काय व्हायचंय?" शिवाय परवाना असला म्हणून वाड्यात बार उडवायची मुभा मिळत नाही. विषय संपला.

परवाच्या खंडेनवमीला पुन्हा गेलो. बंदूक पाटावर होती, उदबत्ती मात्र आता घरात उदबत्तीच्या घरातच लागते. कुंकू लावण्याआधी धाकट्या नातीने हट्ट धरला की गज तीच सोडणार. मामांनी तिला बाजूने उभे केले, तिचा हात धरला.

टण्ण!

"पुन्हा," आत्या आतून म्हणाली.