जे डिलाचा ठेका कसा बनतो?

डेट्रॉइटचा हिप-हॉप निर्माता जेम्स यान्सी, म्हणजेच जे डिला, 10 फेब्रुवारी 2006 रोजी गेला. तीनच दिवसांपूर्वी त्याला 32 वर्षं पूर्ण झाली होती आणि त्याच दिवशी त्याचा ‘डोनट्स’ हा अल्बम आला होता. आजही संगीतकार त्याला आदरांजली वाहतात ती बहुधा त्याच्या ठेक्यात वाजवून. हा ठेका नेमका असतो तरी कसा?

आधी यंत्र पाहू. डिला अकाई कंपनीच्या एमपीसी 3000 या ठेका-यंत्रावर काम करायचा. यंत्राच्या रबरी पॅडवर बोटांनी आघात करायचे, यंत्र ते लक्षात ठेवतं. एका मात्रेचे ते 96 भाग करतं. मिनिटाला 90 मात्रांची लय असेल, तर एक भाग जेमतेम 7 मिलिसेकंदांचा. बोट मागेपुढे पडलं, तर ‘क्वांटाइझ’ची सोय तो आघात जवळच्या ठरलेल्या जागी नेऊन बसवते. ठेका बिनचूक होतो, पण अनेकदा ताठरही.

डिला ही सोय कधी बंद ठेवायचा, कधी आघात मुद्दाम काही भाग सरकवायचा. हाय-हॅट (झांजांची जोडी) सरळ चालू, स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) किंचित लवकर, किक (खर्जातला मोठा ड्रम) जराशी रेंगाळलेली: तिन्हींची चाल वेगळी, तरी आवर्तन एकच. त्यामुळे ठेका एकाच वेळी पुढे ओढतो आणि मागे रेलतो.

स्वतः करून पाहा. उजव्या हाताने टेबलावर संथ, एकसारखी टकटक ठेवा. डाव्या हाताची थाप दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेच्या किंचित आधी द्या. एकदाच लवकर पडली तर ती चूक. दर वेळी तेवढीच लवकर पडली, तर तो ठेका. अवघड आहे ते हे सातत्य.

हेच सातत्य हातात यावं म्हणून ड्रमवादक क्वेस्टलव्हने गायक डिअँजेलोच्या ‘वूडू’ या अल्बमसाठी (2000) आपली घड्याळी अचूकता मोडली. पियानोवादक रॉबर्ट ग्लास्परने 2007 साली डिलाच्या चाली जॅझ त्रिकुटासह वाजवल्या. 2009 मध्ये संगीतकार मिगेल अ‍ॅटवुड-फर्ग्युसनने त्या लॉस एंजेलिसमध्ये वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. ही मानवंदना डिलाच्या आईच्या नावे होती. डिलाचं एमपीसी आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

हा ठेका ऐकायला सुरुवात करायची असेल तर डिलाच्या स्लम व्हिलेज या गटाचा ‘फँटास्टिक, व्हॉल्यूम 2’ हा अल्बम लावा. आधी फक्त हाय-हॅट धरा, मग स्नेअर, शेवटी किक. तिन्ही वेगवेगळे ऐकू आले, की ते पुन्हा एकत्र ऐका.