पोलीस दलातील स्त्रिया व अल्पसंख्याक

नागरी पोलीस दलात स्त्रियांचा, तसेच वंश वा धर्म यांमुळे अल्पसंख्य ठरलेल्या गटांचा प्रवेश, त्यांना नेमून दिलेली कामे आणि त्यांत कालानुसार होत गेलेला बदल यांचा विचार या विषयात होतो. आधुनिक पोलीस दलाची घडण एकोणिसाव्या शतकातील आहे. सर रॉबर्ट पील (१७८८–१८५०) याने १८२९ मध्ये लंडन येथे स्थापिलेल्या महानगर पोलीस दलाचा नमुना पुढे अनेक देशांनी उचलला. ठरावीक उंची, दणकट शरीर व पायी गस्त या गोष्टींवर त्यात भर असल्याने पोलीस म्हणजे पुरुष, आणि तोही बहुधा बहुसंख्य समाजातील, हे गृहीतच धरले गेले. अटक, झडती व बळाचा वापर हे अधिकार शासन ज्याच्या हाती देते, तो कोणत्या समाजातून येतो यावर कायद्याविषयीचा लोकांचा विश्वास बराचसा अवलंबून असतो. तथापि या प्रश्नाकडे शासनांचे लक्ष फार उशिरा गेले.

स्त्रियांचा शिरकाव प्रथम तुरुंगांत झाला. न्यूयॉर्कमध्ये स्त्री कैद्यांच्या देखरेखीसाठी १८४५ मध्ये मेट्रन नेमण्यात आल्या. त्यांचे काम तुरुंगाच्या भिंतींपुरतेच मर्यादित होते. १९१० मध्ये लॉस अँजेल्सच्या पोलीस दलात ॲलिस स्टेबिन्स वेल्स या समाजकार्यकर्तीची नेमणूक झाली. नृत्यगृहे, स्केटिंगच्या जागा व चित्रपटगृहे येथे येणाऱ्या मुलींवर व अल्पवयीनांवर लक्ष ठेवणे, हे तिचे मुख्य काम होते. पोलिसांना ट्रामने विनामूल्य प्रवास करता येई. तिने बिल्ला दाखविला, तेव्हा ती नवऱ्याचा बिल्ला वापरीत असल्याचा आळ वाहकाने घेतला व त्यामुळे पुढे तिच्यासाठी ‘स्त्री-पोलीस, क्रमांक १’ असा वेगळा बिल्ला काढावा लागला, असे सांगतात. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात ग्रँथम येथील लष्करी छावणीच्या परिसरात ईडिथ स्मिथ हिला १९१५ मध्ये अटकेचे पूर्ण अधिकार देण्यात आले.

या नेमणुकांमागील युक्तिवाद एकच होता : स्त्रिया व मुले यांच्याशी संबंधित काम स्त्रीच अधिक चांगले करील. हा युक्तिवाद दुधारी ठरला. त्याने स्त्रियांना दलात आणले आणि त्यानेच त्यांना एका कोपऱ्यात अडकवून ठेवले. स्वतंत्र स्त्री शाखा, कमी वेतन व नेहमीच्या गस्तीपासून दूर, ही स्थिती पन्नास-साठ वर्षे टिकली. ब्रिटनमध्ये समान वेतन (१९७०) व लिंगभेद प्रतिबंध (१९७५) या कायद्यांच्या सुमारास स्त्री शाखा मुख्य दलात विलीन झाल्या. या विलीनीकरणात काही गमावलेही गेले. मुले व पीडित स्त्रिया यांच्याशी वागण्याचे जे कौशल्य त्या शाखांनी जोपासले होते, ते विखुरले आणि शाखेतील वरिष्ठ पदेही स्त्रियांच्या हातून गेली.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७२ मध्ये नागरी हक्क कायद्यातील नोकरीविषयक तरतुदी राज्ये व नगरे यांच्या सेवांनाही लागू झाल्या. त्याच वर्षी वॉशिंग्टन शहरात ८६ स्त्रिया गस्तीवर पाठविण्यात आल्या व त्यांच्या कामाची तुलना तितक्याच नवख्या पुरुष पोलिसांशी करण्यात आली. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोघांच्या कामगिरीत मोठा फरक आढळला नाही. स्त्रियांनी अटका कमी केल्या. परंतु गंभीर गैरवर्तनाची उदाहरणे पुरुषांत अधिक होती. शारीरिक मोजमापांच्या अटीही न्यायालयात टिकल्या नाहीत. ॲलाबॅमातील तुरुंगरक्षकांसाठी असलेली किमान ५ फूट २ इंच उंची व १२० पौंड वजन ही अट सु. ४१ टक्के स्त्रियांना वगळते, पुरुषांना मात्र एक टक्काही नाही, हे ध्यानात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ती अवैध ठरविली. हेच तत्त्व पुढे पोलीस भरतीलाही लागू पडले.

कृष्णवर्णीयांच्या बाबतीत हीच अडचण अधिक उघड्या रूपात दिसते. जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरात मतदानावरील वर्णबंधने सैल झाल्यावर कृष्णवर्णीय मतदारांची संख्या वाढली व त्यांच्या आग्रहामुळे एप्रिल १९४८ मध्ये आठ कृष्णवर्णीय पोलीस नेमले गेले. त्यांनी कृष्णवर्णीय वस्तीतच गस्त घालावयाची होती. गोऱ्या माणसास अटक करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. मुख्य ठाण्यात गणवेश बदलण्याचीही मुभा नसल्याने वाय. एम. सी. ए. च्या एका इमारतीच्या तळघरातून त्यांचे काम चाले. कायद्याचे रक्षक असूनही कायद्यासमोर ते दुय्यमच होते. तरीही आपल्या वस्तीत आपला पोलीस दिसू लागल्याचे तेथील लोकांना अप्रूप होते, हे विसरता येत नाही. शेजारच्या ॲलाबॅमा राज्याच्या पोलीस दलात तर सदतीस वर्षांत एकही कृष्णवर्णीय शिपाई नव्हता, असे न्यायालयाला १९७२ मध्ये आढळले. प्रत्येक गोऱ्यामागे एका कृष्णवर्णीयास बढती द्यावी, हा त्यानंतरचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये अगदी निसटत्या बहुमताने उचलून धरला.

धार्मिक अल्पसंख्याकांच्या संदर्भात उत्तर आयर्लंडचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तेथे कॅथलिकांची लोकसंख्या सु. ४० टक्के असताना पोलीस दलात ते केवळ ८ टक्के होते. अविश्वास हे त्याचे एक कारण. दलात जाणाऱ्या कॅथलिक तरुणास सशस्त्र गटांकडून जिवाचा धोका असे, हे दुसरे. पॅटन आयोगाच्या अहवालानंतर (१९९९) दलाचे नाव व बोधचिन्ह बदलले आणि २००१ ते २०११ या काळात निम्मी भरती कॅथलिकांतून करण्यात आली. त्यांचे प्रमाण सु. ३० टक्क्यांवर गेले. सक्तीची ही तरतूद संपल्यावर मात्र ते फारसे पुढे सरकले नाही.

भारतात स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावी, अशी तरतूद १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. मात्र त्यासाठी ठाण्यात स्त्री शिपाई नसे. त्रावणकोर संस्थानात १९३३ मध्ये स्त्री पोलिसांची नेमणूक झाली. भारतीय पोलीस सेवेत पहिली स्त्री अधिकारी (किरण बेदी) १९७२ मध्ये आली. त्याच वर्षी महाराष्ट्रातील देसाईगंज (सध्याचा गडचिरोली जिल्हा) येथील ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही आरोपी पोलिसांना निर्दोष ठरविल्यावर देशभर स्त्री संघटनांची निदर्शने झाली आणि १९८३ मध्ये बलात्कारविषयक कायदा बदलला. पोलीस ठाण्यात स्त्री असावी, या मागणीला या घटनेने धार आली. कोझिकोड येथे १९७३ मध्ये सर्व-महिला पोलीस ठाणे सुरू झालेच होते. तमिळनाडूने १९९२ पासून त्यांचे जाळे उभारले. तक्रार नोंदविण्यास त्यांमुळे स्त्रिया पुढे येऊ लागल्या. परंतु कौटुंबिक तंटे तेवढे स्त्री पोलिसांकडे व खून-दरोडे पुरुषांकडे, ही जुनीच विभागणी त्यांतून पुन्हा मूळ धरण्याचा संभव असतो. स्त्रियांचे प्रमाण ३३ टक्के करावे व प्रत्येक ठाण्यात किमान तीन स्त्री उपनिरीक्षक आणि दहा स्त्री शिपाई असावेत, अशी सूचना केंद्र शासनाने २०१३ मध्ये राज्यांना केली. २०२२ च्या प्रारंभी हे प्रमाण सु. १२ टक्के होते आणि त्यांत शिपाई दर्जाच्याच स्त्रिया बहुसंख्य होत्या. महाराष्ट्राच्या पोलीस महासंचालकपदी स्त्री (रश्मी शुक्ला) प्रथम आली ती २०२४ मध्ये.

धार्मिक अल्पसंख्याकांविषयीची भारतातील माहिती याहून त्रोटक आहे. मुंबईतील १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने (१९९८) पोलिसांत मुस्लिमांविषयी पूर्वग्रह असल्याचे नमूद केले. सच्चर समितीने (२००६) मुस्लिमबहुल वस्त्यांतील ठाण्यांत मुस्लिम अधिकारी असावेत, असे सुचविले. अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा असल्याने त्यांची दलातील संख्या नियमितपणे प्रसिद्ध होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०१३ च्या अहवालानुसार देशातील पोलिसांत मुस्लिमांचे प्रमाण सु. ६ टक्के होते. त्यानंतरच्या अहवालांतून हा आकडा वगळण्यात आला.