मोठ्या कंपनीने ‘वेठबिगारी नाही’ असं लिहून मागितलंय? सही करण्याआधी हे वाचा



व्हेंडर रजिस्ट्रेशनवरचे व्हिडिओ बघून बरेच जण एकच प्रश्न विचारतात. “सर, जीएसटी दिलं, उद्यमचं सर्टिफिकेट दिलं, कॅन्सल्ड चेक दिला. आता कंपनी अजून एका कागदावर सही मागतेय. मॉडर्न स्लेव्हरी असं काहीतरी लिहिलंय त्यात. मारू ना सही?”

बहुतेक जण मारतातच. गुलामगिरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर साखळदंड येतात, आणि आपल्या शेडमध्ये तर चार शिलाई मशीन आणि एक पंखा! आपला काय संबंध?

संबंध आहे. कसा, ते सांगतो.

आधी हा कागद येतो कुठून ते बघा. ब्रिटनमध्ये २०१५ साली मॉडर्न स्लेव्हरी अ‍ॅक्ट आला. ज्या कंपनीची वार्षिक उलाढाल ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त आहे आणि जी ब्रिटनमध्ये धंदा करते, तिने दरवर्षी एक निवेदन जाहीर करायचं. आमच्या धंद्यात आणि आमच्या पुरवठा साखळीत सक्तीची मजुरी होऊ नये म्हणून आम्ही काय केलं, हे त्यात सांगायचं. गंमत म्हणजे ‘आम्ही काहीच पावलं उचलली नाहीत’ असं लिहिलं तरी त्या कायद्याला चालतं. मग मोठी कंपनी तिच्या सप्लायरकडून कागद घेते, तो त्याच्या सप्लायरकडून घेतो, आणि असं करत करत कागद तुमच्या टेबलावर येतो. प्रत्येक जण खालच्याची सही घेऊन निवांत. खाली नक्की काय चाललंय, हे बघायला मात्र कोणीच जात नाही.

म्हणून आज अशा एका कंपनीची गोष्ट सांगतो, जी खरंच बघायला गेली. नेदरलँड्सची चॉकलेट कंपनी, टोनीज चॉकोलोनली.

जगातला निम्म्याहून जास्त कोको आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. पिकवणारे सगळे छोटे शेतकरी. त्यांना भाव इतका कमी मिळतो की मजूर लावणं परवडत नाही, मग घरची मुलं कामाला. काही ठिकाणी तर दुसऱ्या भागातून आणलेली मुलं. मोठ्या चॉकलेट कंपन्यांनी २००१ मध्ये करार केला, की २००५ पर्यंत बालमजुरीचे सगळ्यात वाईट प्रकार बंद करू. २००५ आलं आणि गेलं. मुदत वाढली, पुन्हा वाढली.

त्याच काळात ट्युन व्हॅन डी क्युकेन नावाच्या डच टीव्ही पत्रकाराने एक अजब काम केलं. कॅमेऱ्यासमोर चॉकलेट खाल्लं आणि सरकारी वकिलांना सांगितलं, मला अटक करा. गुलामीतून आलेला माल मी जाणूनबुजून विकत घेतलाय, म्हणजे मीही गुन्हेगार. कोणी अटक केली नाही. मग २००५ मध्ये त्याने स्वतःच ५००० चॉकलेट बार काढले. ट्युनचं टोनी झालं, आणि या लढाईत आपण एकटेच आहोत म्हणून नावात लोनली आलं. आज ती युरोपभर विकली जाणारी कंपनी आहे.

आपल्या कामाचा भाग आता येतो. या कंपनीने फक्त शपथपत्रं गोळा केली नाहीत, खरेदी करायची पद्धतच बदलली. सरकारने ठरवलेल्या भावावर ती शेतकऱ्याला वरचे पैसे देते. ते ठरवताना हिशोब असा धरते, की या कुटुंबाचं पोट, शाळा, दवाखाना भागायला कोको कितीला विकला गेला पाहिजे. शेतकरी संस्थांना किमान पाच वर्षं माल घेण्याची हमी देते. बाजारात मिळेल तो सरमिसळ कोको घेत नाही, कुठल्या संस्थेच्या कुठल्या शेतकऱ्याचा माल आहे याची नोंद ठेवते. या तिन्ही गोष्टींत ‘गुलामगिरी’ हा शब्दसुद्धा नाही, बघा. भाव, हमी आणि माहिती, एवढंच. पण मूल शेतात जाणार की शाळेत, हे ठरतं तिथेच.

शिवाय त्या शेतकरी संस्थांची माणसं घरोघर जाऊन चौकशी करतात. मूल कोयता चालवतं का? जड पोती उचलतं का? फवारणी करतं का? सापडलं तर नोंद होते आणि त्या घराला मदत मिळते, म्हणजे शाळेचं साहित्य, जन्माचा दाखला वगैरे.

आणि काय झालं माहितीये? कंपनीने स्वतःच्याच अहवालात छापलं की आमच्या साखळीत एका वर्षात बालमजुरीची १७०१ प्रकरणं सापडली. आदल्या वर्षी ३८७ होती! २०२२ च्या सुरुवातीला त्याच्या बातम्या झाल्या. लोक म्हणाले, हेच का तुमचं स्वच्छ चॉकलेट? कंपनीचं उत्तर असं की आम्ही नव्या शेतकरी संस्था जोडल्या, तिथे शोधायला सुरुवात केली, म्हणून सापडली. सापडलं तरच दुरुस्त करता येतं.

मला हे उत्तर पटतं. जी कंपनी म्हणते ‘आमच्याकडे शून्य’, तिला मी पहिला प्रश्न विचारेन, “शोधलं कोणी आणि कसं?” टोनीजचं सगळं आलबेल आहे असंही नाही बरं का. चॉकलेट बनवून घ्यायला त्यांनी एका बड्या प्रक्रिया कंपनीला धरलंय, आणि तिच्या बाकीच्या कोकोवर बालमजुरीचे आरोप आहेत. त्यामुळे २०२१ मध्ये गुलामीमुक्त चॉकलेटच्या एका यादीतून टोनीजचं नाव काढलं गेलं. आमचा कोको तिथे वेगळ्या टाकीत ठेवला जातो, असं कंपनीचं म्हणणं. दोन्ही बाजू समजून घ्या, कारण उद्या तुमचा जॉबवर्कवाला असाच दहा जणांचं काम करणारा असेल.

आता आफ्रिकेतून घरी येऊ. आपल्याकडे हाच प्रकार ‘उचल’ या साध्या शब्दात लपलेला असतो. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि ती तोडलेल्या टनांतून फेडायची असते. आजारी पडलं, खाडा झाला, की रक्कम कापली जाते. हंगाम संपला तरी बाकी राहते आणि पुढच्या वर्षाला लागते. रायगड-पालघरकडे वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांचंही असंच. साखळदंड कुठेच नसतो, पण ‘बाकी फेडल्याशिवाय जायचं नाही’ हे वाक्य असतं.

उचल देणं हा काही गुन्हा नाही. आपणही कामगाराला अडीनडीला अ‍ॅडव्हान्स देतो. पण १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा सांगतो, की त्या पैशापायी माणसाला किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवलं, दुसरीकडे काम करू दिलं नाही किंवा कुठे जाऊ दिलं नाही, तर ती वेठबिगारी. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ते कर्जही कायद्याने रद्द होतं. आणि १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीच्या एशियाड बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात आणखी पुढची गोष्ट सांगितली. गरिबीपायी एखादा माणूस किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबत असेल, तर तीही घटनेच्या कलम २३ खाली सक्तीचीच मजुरी.

हे डोक्यात ठेवून आपला हिशोब मांडू. समजा, तुम्ही कापडी पिशव्यांची ऑर्डर घेतलीत. शिलाईचे पिशवीमागे ५ रुपये ठेकेदाराला दिले. तो दीड रुपया ठेवतो, साडेतीन शिवणाऱ्या ताईला देतो. ती आठ तासांत ७० पिशव्या शिवते. झाले २४५ रुपये. त्यातच दोरा तिचा, लाइट बिल तिचं. हा आकडा आपल्या परिमंडळाच्या किमान वेतनाशेजारी लिहा. कमी आहे ना? मग ठेकेदाराला दोष देण्यात अर्थ नाही, ५ रुपयांचं कोटेशन तुम्हीच मान्य केलं होतं. उलट्या बाजूने हिशोब करा. किमान वेतनाला ७० ने भागा, दोरा-लाइट धरा, ठेकेदाराचं कमिशन वर लावा आणि मग ग्राहकाला भाव सांगा. ऑर्डर हातची जाईल? एखादी जाईलही. पण आतबट्ट्याचा भाव देऊन घेतलेल्या ऑर्डरचा तोटा कोणीतरी भरतंच, आणि ते कोणीतरी बहुतेक वेळा ती ताईच असते.

अजून एक. ठेकेदाराकडे महिन्यातून एकदा स्वतः जा, न सांगता. मजुरी हातात मिळते की मुकादमाच्या हातात, कोणाचं आधार किंवा एटीएम कार्ड ‘सांभाळायला’ ठेवून घेतलंय का, अ‍ॅडव्हान्सची वही मजुराला बघायला मिळते का, एवढं विचारा. ठेकेदारासमोर नाही, बाजूला चहा घेता घेता. आणि ऑर्डर आज देऊन परवा माल मागू नका. त्या घाईतच रात्रभराचं काम आणि घरची पोरं मशीनवर येतात.

राहिली ती सही. कागदावर ‘आमच्या संपूर्ण पुरवठा साखळीत सक्तीची मजुरी नाही’ असं सरसकट वाक्य असेल तर कंपनीच्या खरेदी विभागाला मेल टाका. तुमची शेड, तुमचे ठेकेदार आणि तुम्ही स्वतः तपासलेली ठिकाणं, एवढ्यापुरतं लिहून द्यायची तयारी दाखवा आणि सोबत तपासणीच्या तारखा जोडा. कापड कुठल्या गिरणीतून आलं, त्या गिरणीला सूत कुठून आलं, हे तुम्ही बघितलेलं नाही. तेही त्याच मेलमध्ये लिहा.